फुकटची छत्री, विकतची छत्री

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘फुकटचं ते पौष्टिक’ असं म्हणणारे आपणच आणि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही असं ऐकवणारेही आपणच. टीव्हीच्या बाबतीत तर आपण ही दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी बोलतो. घरात दरमहा पैसे भरून चालणारी छत्री लावावी, की दूरदर्शनची एकदाच खर्च करून कायम फुकट चालणारी लावावी, हा प्रश्न मला सोसायटीत विचारतात, गावाकडेही विचारतात. मी काही त्या विषयातला तंत्रज्ञ नाही. पण एकेकाळी टीव्हीचे पैसे माझ्याच खिडकीवर भरले जात, म्हणून लोकांना वाटतं की याला काहीतरी ठाऊक असणार.

ती खिडकी होती टपाल कचेरीतली. १९७८ मध्ये मी साताऱ्याला कारकून म्हणून लागलो. मनीऑर्डर, रजिस्ट्री, बचत खातं यांच्या जोडीला आमच्याकडे रेडिओ आणि टीव्हीचे परवानेही असत. रेडिओला वर्षाला १५ रुपये, टीव्हीला ५० रुपये. प्रत्येकाचं छोटं पुस्तक असे, त्यात आम्ही तिकीट लावून शिक्का मारून द्यायचो. मुदत उलटली तर दंड. परवाना तपासायला निरीक्षक घरी येऊ शकत असे आणि तो येणार अशी कुणकुण लागली की आळीतले रेडिओ एकदम मुके होत. आज अनेकांना वाटतं की जुना दूरदर्शन फुकट होता. तो तसा नव्हता. वर्षाचे ५० रुपये आजच्या हिशेबाने किरकोळ वाटतील, पण माझ्यासारख्या नव्या कारकुनाला ते चांगलेच जाणवत. त्यातच १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. म्हणजे प्रेक्षक पैसे देत होता, जाहिरातदार देत होता आणि उरलेलं सरकारी तिजोरी भरत होती.

ही परवाना पद्धत १९८४ च्या सुमारास गेली. समारंभ वगैरे काही झाला नाही, आमच्या खिडकीवरची रांग तेवढी आखूड झाली. टीव्ही ‘फुकट’ झाला तो तेव्हा. पाहणाऱ्याकडून पैसे घेणं बंद झालं आणि तो भार तिजोरी आणि जाहिरातदार यांच्यावर गेला. माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्हीचा इतिहास पाहताना ‘पैसे कोण देतंय’ हा प्रश्न सोडू नये. तो हातात धरला की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आता उपग्रहाकडे वळू. आपल्या देशात उपग्रहावरून थेट टीव्ही पाहण्याचा पहिला मान शहरी दिवाणखान्याला मिळाला नाही, तो खेड्यातल्या चावडीला आणि शाळेला मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला दिला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण या प्रयोगाची धुरा सांभाळणाऱ्यांत डॉ. एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न. ते प्रत्यक्षात आलेलं पाहायला साराभाई स्वतः नव्हते, डिसेंबर १९७१ मध्येच ते गेले.

या खेड्यांत लावलेली छत्री सुमारे दहा फूट व्यासाची होती आणि तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी होती. स्वस्त, हलकी आणि मोडली तर गावातच दुरुस्त होणारी. शेती, आरोग्य, मुलांचे कार्यक्रम, सगळं गावाला विनामूल्य. वर्ष संपलं, अमेरिकेचा उपग्रह अमेरिकेने परत घेतला. काही भागांत पुढे जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, पण उपग्रहावरून थेट येणारं ते चित्र थांबलं. जाळी तीच, संच तोच, गाव तेच. वर देणारा तेवढा हलला होता.

आपल्या महाराष्ट्रात तोवर टीव्ही होता तो जमिनीवरून येणारा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यालाही ते दिसू लागलं. १९८२ च्या एशियाड खेळांबरोबर रंग आले. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी वर गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा असा काही सपाटा लागला की दिवसाला एक प्रक्षेपक असं तेव्हा कौतुकाने म्हटलं जाई. गच्चीवर, कौलांवर, पत्र्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले. वारा सुटला की एकाने वर जाऊन अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. ही कवायत न केलेला माणूस माझ्या पिढीत सापडणं कठीण.

या पद्धतीत एक अडचण होती आणि ती आपल्या राज्याला फार जाचली. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे त्याची सावली पडते. सह्याद्रीच्या कुशीतली वाडी प्रक्षेपकापासून वीस किलोमीटरवर असली तरी तिथे पडद्यावर मुंग्याच. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सासर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत. ‘रामायण’ मालिकेच्या वेळी, म्हणजे १९८७-८८ मध्ये, तिथली माणसं रविवारी सकाळी डोंगर चढून वरच्या गावी जात. टीव्ही फुकट झाला होता खरा, पण तो सावलीतल्या माणसापर्यंत पोचत नव्हता.

मग आलं १९९१. जानेवारीत आखाती युद्ध पेटलं आणि बड्या हॉटेलांत लोक सीएनएनवर ते थेट पाहू लागले. त्याच वर्षी हाँगकाँगहून ‘स्टार’च्या वाहिन्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झाल्या. १९९२ च्या ऑक्टोबरात ‘झी’ आला. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. या वाहिन्या तेव्हा आकाशातून उघड्याच येत होत्या. कुलूप नाही, किल्ली नाही. ज्याच्याकडे मोठी छत्री त्याला त्या फुकट. पण ती छत्री दहा-बारा फुटांची, कारण या लहरी ज्या ‘सी बँड’मध्ये येत त्यांना पकडायला एवढं भांडं लागतंच. ती एकट्या घराला परवडणारी नव्हती, गच्चीवर मावणारीही नव्हती.

ही जागा भरून काढली केबलवाल्याने. तो आधीपासून होताच. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये एक व्हीसीआर, त्यावर रात्रीचे दोन सिनेमे आणि घरोघर गेलेली वायर असा त्याचा धंदा सुरू झाला होता. आता त्याने छत्री उभारली आणि तीच वायर पुढे नेली. झाडावरून, विजेच्या खांबावरून, कधी आपल्या खिडकीच्या गजातून. महिन्याला शंभरच्या आसपास रुपये घेऊन तो आपल्याला जग दाखवू लागला. आपण त्याला पैसे देत होतो ते वायरीचे. वाहिनीचे पैसे जाहिरातदार देत होता. सुरुवातीला हा व्यवहार सगळ्यांनाच मानवला. वाहिन्यांना प्रेक्षक मिळाले, गल्लीतल्या होतकरू पोराला धंदा मिळाला. गणपतीच्या वर्गणीपासून क्रिकेटच्या मंडळापर्यंत केबलवाला हा पेठेतला एक वजनदार माणूस झाला.

कुरबूर सुरू झाली ती वाहिन्यांनी कुलपं घालायला सुरुवात केली तेव्हा. जाहिरातीवर भागत नाही, प्रेक्षकांकडूनही पैसे हवेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी केबलवाल्याला डोकी मोजून पैसे मागितले. आता डोकी मोजायची कोणी? वायर तर त्याच्या हातात. ज्याची पाचशे घरं तो शंभर-सव्वाशे सांगे. वाहिनीवाल्यांना हे ठाऊक होतं म्हणून ते दर वाढवत, तो बोजा आपल्यावर येई आणि मध्येच भांडण विकोपाला गेलं की ऐन मालिकेच्या वेळी पडदा काळा. या तिघांच्या ओढाताणीत आपल्याला कोणी विचारत नसे. आपण काय पाहतो आणि कशाचे पैसे देतो याचा हिशेब कुठल्याच पावतीवर नव्हता. बऱ्याचदा पावतीच नव्हती.

सरकारने यावर १९९५ मध्ये केबलचा कायदा केला आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्यांना बंधनकारक केलं. त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला. खटला होता बंगाल क्रिकेट संघटनेचा, १९९३ च्या हिरो चषक सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि तिचा वापर सार्वजनिक हितासाठीच व्हायला हवा, असा त्याचा आशय होता. दूरदर्शनची मक्तेदारी मोडणारा निकाल म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. लहरी जनतेच्या असतील तर त्या वापरून मिळणारं निदान काहीतरी जनतेला फुकट मिळायला हवं, असा अर्थ मी त्यातून काढतो. वकील मंडळी कदाचित हसतील. हसोत.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे गेलं होतं. ‘केयू बँड’ नावाच्या अधिक आखूड लहरी वापरल्या तर दीड-दोन फुटांची छत्री पुरते. ती खिडकीबाहेर बसते, केबलवाला लागत नाही. आपल्याकडे ‘स्टार’ने अशी सेवा आणायची तयारी चालवली, तेव्हा सरकारने जुलै १९९७ मध्ये या लहरी घेणाऱ्या उपकरणांवर बंदीच घातली. परदेशी हातात थेट आपलं छप्पर जाणार, ही भीती. बंदी उठून रीतसर नियम आले मार्च २००१ मध्ये. पहिली खासगी सेवा, ‘डिश टीव्ही’, २००३ मध्ये सुरू झाली.

आणि १६ डिसेंबर २००४ ला, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते, ‘डीडी डायरेक्ट प्लस’. तिचंच पुढे ‘डीडी फ्री डिश’ असं नाव झालं. सुरुवातीला ३३ वाहिन्या. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, नंतर महिना नाही, वर्ष नाही, काही नाही. यामागचा सरकारी हिशेब सरळ होता. डोंगराच्या सावलीत आणि दूरच्या पाड्यांवर उरलेल्या माणसांसाठी आणखी मनोरे उभारत बसण्यापेक्षा आकाशातूनच चित्र पाठवणं स्वस्त. उपग्रहाला सह्याद्री आडवा येत नाही. आक्काच्या मुलाने २००६ मध्ये कराडहून छत्री आणली, अंगणातल्या फणसाची एक फांदी तोडून ती आग्नेयेला तोंड करून बसवली आणि त्या वाडीत पहिल्यांदा टीव्हीवर स्वच्छ चित्र दिसलं. भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेव्हा दिसे, हा भाग वेगळा.

पावसाळ्यात मात्र या लहान छत्रीची फजिती होते. आखूड लहरी जोरदार सरीत विरून जातात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैच्या संध्याकाळी फुकटवाला आणि विकतवाला दोघेही सारखेच काळ्या पडद्यापुढे बसतात.

२००६ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत विकतच्या छत्र्यांची रांगच लागली. टाटा स्काय, सन डायरेक्ट, रिलायन्सचा बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन. केबलवाल्याच्या मनमानीला कंटाळलेल्या मध्यमवर्गाने त्या आनंदाने लावल्या. निदान काय पाहतो आणि किती भरतो ते कळू लागलं. केबललाही डबा सक्तीचा झाला. ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबईच्या काही भागात ‘कॅस’ आलं, सशुल्क वाहिनीला पाच रुपये अशा दराने. मग २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत, २०१३ च्या मार्चअखेर पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा शहरांत आणि नंतर सगळीकडे डिजिटल डबा. डोकी मोजण्याचं भांडण मिटलं, कारण आता डबाच डोकी मोजू लागला.

फुकटच्या छत्रीवर मात्र वेगळंच घडत होतं, आणि माझ्या मते ही या इतिहासातली सर्वांत रंजक गोष्ट आहे. फ्री डिशवर जागा मर्यादित. तिथे दिसायची इच्छा असलेल्या खासगी वाहिन्या अनेक. म्हणून प्रसार भारतीने २०११ पासून या जागांचा लिलाव सुरू केला. जी वाहिनी जास्त बोली लावेल ती दिसेल. केबलवर वाहिनी प्रेक्षकाकडून पैसे मागत होती, इथे प्रेक्षकापर्यंत पोचण्यासाठी वाहिनीच पैसे मोजत होती, तेही वर्षाला काही कोटी. ते परत मिळवायचे जाहिरातीतून.

तरी सुरुवातीला शहरी जाहिरातदारांना या प्रेक्षकाची किंमत नव्हती, कारण तो मोजलाच जात नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘बार्क’ या संस्थेने प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत ग्रामीण भागही धरायला सुरुवात केली आणि सगळे चकित झाले. जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या ‘झी अनमोल’सारख्या फुकट वाहिन्या थेट वरच्या क्रमांकावर. साबण, तेल, बिस्किटं विकणाऱ्यांचे डोळे फ्री डिशकडे वळले, लिलावाच्या बोली चढल्या. गरिबाच्या अंगणातली छत्री धंद्याची झाली.

जे धंद्याचं झालं ते धंद्याच्याच हिशेबाने हलणार. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामकाची नवी दररचना लागू झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर मिळून १५३ रुपये ४० पैसे, आणि वर सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. प्रत्येक वाहिनीने आपली किंमत छापायची. पुण्यात आमच्या सोसायटीत त्या महिन्यात घरोघरी कागद-पेन्सिल घेऊन याद्या चालल्या होत्या. सासूबाईंची एक वाहिनी, नातवाची दोन, आजोबांची बातम्यांची एक. कुणाची कापायची यावरून एका घरात अबोलाही झाल्याचं ऐकलं. पण पहिल्यांदाच घराने स्वतः निवड केली, हे मला आवडलं.

त्याच सुमारास, १ मार्च २०१९ पासून, मोठ्या समूहांच्या चार हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून उतरल्या. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते. त्यांनी स्वतःला किंमत लावून विकतच्या डब्यात जाणं पसंत केलं. आक्काचा फोन आला.

“आरं, माझी वाहिनी गेली कुठं? डब्याला काय झालं?”

“डब्याला काही नाही झालं आक्का. वाहिनीवाल्यांनीच काढली.”

“का? आम्ही काय केलं?”

तिला मी लिलाव, दररचना, जाहिरातीचं अर्थशास्त्र असं पुष्कळ सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, “म्हंजे आम्ही पैसं देत न्हाई म्हणून आम्हाला इचारलं न्हाई.” याला मला उत्तर सुचलं नाही. २०२० मध्ये त्या वाहिन्या परत आल्या. जाहिरातदारांना तो प्रेक्षक पुन्हा हवा झाला होता. एप्रिल २०२२ मध्ये त्या पुन्हा गेल्या.

आता आपल्या मराठी घराचा प्रश्न. फ्री डिशवर ‘सह्याद्री’ आहे, ती कायमच होती. १९९४ मध्ये ती उपग्रहावर गेली आणि २००० मध्ये तिला सह्याद्री हे नाव मिळालं. पण मराठी घरांत रोज संध्याकाळी ज्या मालिका चालतात त्या झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी यांच्या, आणि या सगळ्या सशुल्क. २०१९ च्या दररचनेत झी मराठीची किंमत महिना १९ रुपये लागली, कर वेगळा. फुकटच्या छत्रीत बोली लावून येणाऱ्या खासगी वाहिन्या मुख्यतः हिंदीच्या आणि भोजपुरीच्या, कारण सर्वांत मोठा जाहिरातीचा बाजार तिथे. पुढे फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशा काही मराठी वाहिन्या तिथे दिसू लागल्या. त्यांचा भर मुख्यतः चित्रपटांवर. म्हणजे आपल्याकडे फुकट की विकत हा प्रश्न निव्वळ पैशाचा राहत नाही. फुकट घेतलं तर संध्याकाळ बहुतेक हिंदीत जाते, मराठी हवी असेल तर तिचं भाडं भरावं लागतं. आक्काच्या नातींचं हिंदी माझ्या पुण्याच्या नातवापेक्षा चांगलं आहे, ते शाळेमुळे नव्हे. आक्का स्वतः म्हणते, “मी आता हिंदीत भांडाय शिकले की.” ती हे हसत सांगते. मला मात्र तमिळ प्रेक्षकाची आठवण होते. तिथे तमिळनाडू सरकारने स्वस्त केबलसाठी स्वतःची कंपनीच चालवली. तसा विचार आपल्या राज्यात कधी गांभीर्याने झाल्याचं मला दिसत नाही, आणि हे मला खटकतं.

क्रिकेटची कथा याच्या उलट आहे. २१ जानेवारी २००७ ला नागपुरात भारत-वेस्ट इंडिज मालिकेतला पहिला एकदिवसीय सामना झाला. हक्क एका खासगी कंपनीकडे होते आणि दूरदर्शनशी तिचं बिनसलेलं. केबल नसलेल्या घरांना तो सामना थेट दिसला नाही. विदर्भातल्याच मैदानावर खेळ आणि विदर्भातल्याच खेड्यात पडदा कोरडा! प्रकरण न्यायालयात गेलं, फेब्रुवारीत सरकारने अध्यादेश काढला आणि त्याचा त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीने प्रसार भारतीला द्यायचं आणि जाहिरातीच्या उत्पन्नातला किमान तीन चतुर्थांश वाटा कंपनीला मिळायचा. पुढे कंपन्यांनी तक्रार केली की दूरदर्शनचं हेच चित्र केबलवाले आणि खासगी छत्रीवालेही दाखवतात, मग आमची वाहिनी विकत कोण घेईल? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. हे चित्र दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या फ्री डिशवरूनच दाखवावं. परिणाम असा की अशा सामन्याच्या वेळी फुकटच्या छत्रीवर दूरदर्शन लावलं तर खेळ दिसतो आणि विकतच्या डब्यात तोच दूरदर्शन लावला तर तो दिसत नाही. पैसे भरणाऱ्याला कमी दिसण्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

मनोऱ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, ते आता इतिहासजमा झाले. दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मार्च २०२२ पर्यंत मोजके वगळता सगळे थांबवले. काड्यांच्या अँटेनावर येणारा फुकट टीव्ही संपला. फुकट पाहायचं तर आता छत्रीच हवी.

विकतच्या छत्रीची अवस्थाही पूर्वीसारखी नाही. मार्च २०२१ मध्ये देशात सुमारे सात कोटी चालू जोडण्या होत्या, मार्च २०२५ मध्ये त्या पावणेसहा कोटींच्या आत-बाहेर आल्या. काहीजण मोबाइलवर आणि इंटरनेटच्या टीव्हीवर गेले, काही फ्री डिशवर. फ्री डिशची घरं साडेचार-पाच कोटींच्या दरम्यान असल्याचा अंदाज सांगितला जातो. तिथे मासिक पावती नसल्यामुळे नेमकी मोजदाद करता येत नाही, तो अंदाजच. जुलै २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक नियम केला. जी वाहिनी फ्री डिशवर फुकट दिसते ती तिने इतर सगळीकडेही फुकटच जाहीर करायची. एका हाताने फुकट आणि दुसऱ्या हाताने विकत असं चालणार नाही. त्याच आदेशाने १३० रुपयांची ती मर्यादाही काढून टाकली, आता कंपन्या आपापला दर ठरवतात. यामुळे लोकप्रिय मराठी मालिकांची वाहिनी फ्री डिशवर येण्याची शक्यता माझ्या समजुतीप्रमाणे आणखी दुरावली. विकतच्या घरांकडून मिळणारे पैसे कोण सोडेल?

तेव्हा मला जे विचारतात त्यांना मी तीन-चार गोष्टी सांगतो. घरात मराठी मालिका पाहणारं कोणी असेल तर फुकटच्या छत्रीवर भागणार नाही. बातम्या, जुने सिनेमे, सह्याद्री आणि देशाचे क्रिकेट सामने एवढंच हवं असेल तर महिन्याचे पैसे वाचवा. डबा घेताना मात्र नव्या पद्धतीचा, एमपेग-४ चा घ्या, कारण जुन्या डब्यात फ्री डिशच्याच काही वाहिन्या उमटत नाहीत. आणि घरावर आधीची बंद पडलेली विकतची छत्री असेल तर नवी घेऊ नका. भांडं बहुधा तेच चालतं. तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारी पोरं हे काम करतात. नट सैल करून छत्री थोडी सरकवायची, डब्याच्या पडद्यावरची पट्टी हिरवी झाली की नट आवळायचा. पाटणच्या अशा एका मुलाला मी विचारलं, तर सध्या बसवण्यापेक्षा फिरवण्याचंच काम त्याच्याकडे जास्त येतं. शिडी लावण्याआधी तो घरातल्या बाईमाणसांना विचारून घेतो, “मराठी शिरेली बघता का?” हो म्हटलं तर तो छत्रीला हात लावत नाही, रिचार्ज मारून देतो.